बापासाठी निवडलेली लाल दारू

ही घटना विसरता आली असती, तर मी लिहायला बसलो नसतो. सत्तरचे दशक संपत आले होते. साकोली तालुक्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. नावे कोणाचीच देत नाही. ज्याचे नाव मी घालवले, त्याचे तर नाहीच.

एका सकाळी जवळच्या गावचा पोलीस पाटील सायकलवर आला. घाम पुसत म्हणाला, "साहेब, आमच्या गावचा एक म्हातारा काल दिवेलागणीले मेला. तोंडाले फेस होता. मोठा पोरगा कालच कामठीहून आला, बापासाठी इलायती बाटली घेऊन." मग खालच्या आवाजात पुढे म्हणाला, "मोहाच्या दारूवरून दोघांचं लय भांडण होये."

गावात जाऊन पंचनामा केला. खाटेजवळ पाऊण भरलेली बाटली आणि पितळी पेला होता. बाटलीतली दारू लाल होती. वास गोडसर, आंबूस. मोहाची दारू वासावरून न ओळखणारा माणूस आमच्या ठाण्यात नव्हता, पण वाईन कोणी पाहिलेली नव्हती. हवालदार म्हणाला, "साहेब, दारू कधी लाल राह्यते का? जहर कालवलं हाये हेच्यात."

मलाही तसेच वाटले. बाटली जप्त करून, लाखेचे सील लावून नागपूरला रासायनिक तपासणीसाठी पाठवली. अहवाल यायला महिने लागत. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी विषाचा संशय तोंडी सांगितला आणि त्याच दुपारी मी मोठ्या मुलाला अटक केली. प्रेत गावी गेले तेव्हा तो कोठडीत होता.

"घंटाभर सोडा साहेब, बापाले आग देतो अन् वापस येतो. हातकडी लावून न्या पाहिजे तं."

मी सोडले नाही. अग्नी धाकट्या भावाने दिला.

हा मुलगा कामठीला एका बंगल्यावर स्वयंपाकी होता. चौकशीत मी एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारली.

"दुकानात इतक्या बाटल्या. त्यातली हीच कशी निवडली?"

"डॉक्टरनं सांगतलं होतं, म्हाताऱ्याच्या पोटात जखम हाये, मोहाची बंद करा. बा आयकत नव्हता. म्या दुकानदाराले म्हटलं, सगळ्यात नरम कोणती ते दे. बंगल्यावरचे साहेब जेवताना हेच घेतात. मागच्या सालीबी हेच आणली होती, काही नाही झालं त्याले."

"पिणाऱ्या माणसाला नरम दारू? म्हणजे फसवत होतास बापाला?"

"हो साहेब, फसवतच होतो. म्हटलं, हेची गोडी लागली तं मोहाची सुटन."

मी त्यातले 'फसवत होतो' तेवढेच ऐकले. त्याच्यावर हात उचलला नाही, पण दोन दिवस त्याला उभे ठेवले. तुझी माय तुझे तोंड पाहायला तयार नाही, असे सांगितले. ते खोटे होते. तिसऱ्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "लिहा साहेब. म्याच मारलं."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, हे मला ठाऊक होते. तरी मी पाटलाला सांगितले, पोरगा कबूल झाला. संध्याकाळपर्यंत ते गावभर झाले.

दहाव्या दिवशी आईचा जबाब घ्यायला गेलो, तर घरचे तळ्याच्या पाळीवर होते. पिंड ठेवला होता. पळसाच्या झाडावर कावळे ओळीने बसले होते. एकही ओरडत नव्हता, एकही उतरत नव्हता. तास गेला. वारा नव्हता, तळ्याचे पाणीही हलत नव्हते. धाकट्याने हात जोडून सगळे कबूल केले, मायला सांभाळीन, शेत पडीत ठेवणार नाही. कावळे नुसते पाहत राहिले.

म्हातारी म्हणाली, "त्याले त्याची दारू पायजे." ती घरी गेली आणि पदराखालून बाटली घेऊन आली. तीच काच, तोच कागद. ती बाटली तर मी स्वतः सील करून पाठवली होती.

तिने पिंडावर धार सोडली. एक कावळा उतरला. उडत नाही, चालत आला. तीन वेळा चोच मारली आणि मान वळवून माझ्याकडे पाहिले. थोड्या वेळाने तो अंडी उबवायला बसावा तसा जागीच बसला. मग त्याची मान वाळूत टेकली. झाडावरचे बाकीचे कावळे एकही आवाज न करता उडून गेले.

"कोठून आणली ही बाटली?" मी ओरडलो.

"फळीवर होती. त्याचीच तं हाये."

धाकटा पांढरा पडला. "साहेब, हे मागच्या सालची. रिकामी झाल्यावर बानं तिच्यात धानाच्या किडीचं औषध भरून ठेवलं होतं."

"मग दहा दिवस बोलला का नाहीस?"

"तुमी इचारलंच नाही. तुमी इचारलं, भावानं काय आणलं."

म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मोहाची दारू तोंड वाकडे करून एका दमात घशाखाली ढकलतात. आणलेल्या बाटलीतली थोडी घेतल्यावर आणखी हवी म्हणून तो फळीकडे गेला असावा आणि हाताला लागलेली बाटली त्याच रीतीने प्याला असावा. जीभ ओळखेपर्यंत सगळे पोटात गेले.

मुलगा सुटला. पुढे नागपूरचा अहवालही आला: जप्त बाटलीत विष नव्हतेच. कागदावर 'अपघाती मृत्यू' असे लिहिले गेले. जाताना तो म्हणाला, "साहेब, गावात येऊन तेवढं सांगून द्या." मी हो म्हणालो. बंदोबस्त लागला, मग बदली आली. गेलो नाही.

निवृत्तीनंतर, म्हणजे बऱ्याच वर्षांनी, गेलो. तो गावीच होता, केस पिकलेले. मी माफी मागितली. तो उठून आत गेला आणि पेलाभर पाणी घेऊन आला. म्हणाला, "पंगतीत मले कोणी वाढू देत नाही साहेब. स्वयंपाक येते ना मले. पण माह्या हातचं लोकं खात नाहीत."

नोकरीत मी पुष्कळांना सांगत आलो की तपास म्हणजे योग्य वेळी योग्य प्रश्न. आता वाटते, तपास चुकला तर तो सुधारता येतो. गावाला दिलेला संशय परत घ्यायला स्वतः जावे लागते, आणि तेही लवकर. हे सगळे मनात असतानाच मी पेला उचलला. ओठांशी नेताना माझा हात क्षणभर थांबला.

त्याने ते पाहिले, आणि नजर दुसरीकडे वळवली.