वस्तादांचा पाय पिशवीत

पंजाबराव वस्तादांच्या पोटरीवर फोड आले, ही बातमी अमरावतीत त्यांच्या आखाड्याआधी भाजीबाजारात पोचली. कोणी पोचवली ते विचारू नका. त्यांच्या कारभारणीला, दुर्गाबाईंना, वांगी निवडताना गप्प बसवत नाही.

गंमत अशी, की अंगावर फोड असलेल्याने कुस्तीच्या हौदात पाय ठेवायचा नाही, हा नियम वस्तादांचाच. त्यांनी जुन्या जोडीदाराला, महादेवरावांना, एका गळवापायी ऐन नागपंचमीला बाहेर बसवलं होतं. आता नागपंचमी तोंडावर, पहिली कुस्ती लावायचा मान वस्तादांचा, आणि फोड काही हटेनात. मलमं झाली, गोळ्या अर्ध्यावर सुटल्या. मग कोणीतरी अकोल्याच्या ओझोनवाल्या डॉक्टरीणबाई सुचवल्या.

प्रियदर्शनी मॅडमनी पू तपासायला पाठवला, पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टिकच्या पिशवीत बांधला आणि आत ओझोन गॅस सोडला. निव्वळ या गॅसच्या भरवशावर राहू नका, गोळ्या पूर्ण घ्या, असं बजावलं. वस्ताद आपल्याच पायाकडे बाजारातून आणलेल्या कोहळ्याकडे पाहावं तसे पाहत बसले. दर खेपेला फोड जरा सुकायचे, पुढच्या खेपेला पुन्हा ओले. मॅडम वैतागल्या. वस्ताद तर इतके, की एसटीतल्या कंडक्टरनं पायाची चौकशी केली तर त्याच्याशीही भांडले.

शेवटी त्यांनी मॅडमलाच सुनावलं, "तुमच्या हवेत दमच नाई."

सोबत आलेल्या दुर्गाबाईंना राहवलं नाही. "हवेले कावून बोलता? घरी आल्यावर रोज हौदातली माती थापून राहिले ना तुमी त्याच्यावर."

वस्तादांचा जीव होता त्या मातीवर. तिच्यात हळद, कापूर, ताक. तिनं किती पैलवानांचा मुका मार जिरवला होता. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"उघड्या जखमेवर माती? आणि तोच हात पुन्हा हौदात?"

पायाचं ठीक, हाताचा विचार वस्तादांनी केलाच नव्हता. हौदात पोरं रोज लोळत होती. घरी परतल्या परतल्या त्यांनी आधी दोन्ही हात साबणानं धुतले.

नागपंचमीला हौदात नवी माती पडली होती, वस्तादांनीच जुनी काढवली. ते पायाला पट्टी बांधून बाहेरच्या बाकावर. पहिली कुस्ती लावायला उतरले महादेवराव. उतरल्यावर ते मुद्दाम काठापर्यंत चालत आले, हौदातल्या मातीनं भरलेली ओंजळ पुढे केली.

"वस्ताद, पायाले लावाले मूठभर देऊ काय?"

आखाडा खदखदून हसला. वस्तादांचा हात सवयीनं पुढे झाला, अर्ध्यावर थांबला.

"कुस्ती लाव," ते म्हणाले, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले.