खराटा अंगणासाठीच

फुआतिनोबाईंना कुणी भांडखोर म्हणालं तर त्यांना वाईट वाटत नसे. "भांडायला समोर कुणीतरी लागतं, मी एकटी कशी भांडेन?" असं म्हणून त्या छत्री टेकवत पुढे चालू लागत. सामोआच्या सावाई बेटावरचं त्यांचं गाव, गावातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली शिकलेली. पण त्यांना नमस्कार करताना उरलेल्या निम्म्यांच्या कपाळावर आठी असायची.

निवृत्त झाल्यावर माणसं कोंबड्या पाळतात, चटया विणतात. बाईंनी आयांचा वर्ग काढला. दर सोमवारी, महिला मंडळाच्या घरात. आमच्याकडे घर म्हणजे खांब आणि छप्पर, भिंती नाहीत. त्यामुळे आत जे बोललं जाई ते रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ऐकू येई, आणि बाईंना तेच हवं होतं. त्या मुद्दाम आवाज चढवून बोलत.

"पोरगं प्रश्न विचारतं म्हणजे उद्धट झालं असं नाही ग. डोक्यात काहीतरी चाललंय त्याच्या. तुमच्या डोक्यात काय चाललंय, ते बघा!"

"पुस्तकं नाहीत म्हणून रडू नका. मासळीच्या डब्यावर अक्षरं आहेत, तांदळाच्या गोणीवर आहेत. अंगणातल्या आजोबांच्या थडग्यावर आहेत. तिथून सुरुवात करा, आजोबा कुठे पळून जात नाहीत."

आणि ज्यावरून गावात बोटं मोडली जात ते वाक्य म्हणजे, "खराटा अंगणासाठी असतो. पोरांच्या पाठीवर पाचोळा पडत नाही."

बायका हसायच्या. हसता हसता काहींची नजर खाली जायची. नारळाच्या हिरांचा तो खराटा प्रत्येक घरात खांबाला टेकवलेला असे, आणि तो फक्त अंगणच झाडत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ऑक्टोबर आला की हे जास्तच ऐकू येई. ऑक्टोबरात मुलांचा रविवार. त्या दिवशी मुलं पांढरेशुभ्र कपडे घालून चर्चमध्ये सगळ्यांसमोर वचनं म्हणतात, नाटुकली करतात. नंतर घरी मुलं आधी जेवतात आणि मोठी माणसं त्यांना वाढतात. एरवी मोठ्यांचं उरलंसुरलं खाणारी पोरं त्या दिवशी राजासारखी मांडी घालून बसतात. सण फार गोड आहे. पण त्याच्या आधीचे आठवडे विचारू नका. ज्या घरचं वचन लांब त्या घराचं नाव मोठं, आणि पोर मध्येच अडलं की घराण्याची अब्रू गेली. मग संध्याकाळी घराघरांतून पाठांतर ऐकू येतं आणि त्याच्या तालावर खराटाही.

त्या वर्षी वर्ग संपल्यावर एसेता एकटीच मागे राहिली. तिच्या लेकीला, मासिनाला, आठवं लागलं होतं. आदल्या साली ती पोर चर्चमध्ये अडली, आणि तिच्या बापानं, पेलेनातोनं, घरी पोचायचीही वाट पाहिली नाही. भर रस्त्यात, पांढऱ्या झग्यावर मारलं. तेव्हापासून चार माणसांसमोर उभं केलं की मासिनाचं तोंड उघडायचं, पण आवाज बाहेर यायचा नाही.

"यंदा सेउमालोकाकांनी स्वतः वचन निवडलंय, बाई. लांबलचक. म्हणाले, गेल्या वर्षीचा डाग धुऊन निघाला पाहिजे."

"आणि अडली तर?"

एसेता चटईचा दोरा ओढत बसली.

बाईंचं डोकं फिरलं. "एवढं मोठं घराणं, आणि त्याचं नाव टांगलंय कुठे, तर एका पोरीच्या जिभेवर! ऐक. पाठांतर सोडून दे. त्या वचनात गोष्ट कसली आहे?"

"हरवलेल्या मेंढराची."

"मग तिला विचार, मेंढपाळानं काय केलं? का केलं? तुला काय वाटतं? ती सांगेल तसं ऐक. मध्ये दुरुस्त करू नकोस. आणि त्या दिवशी कुणी हात उगारला तर आधी माझ्यावर पडेल. हा माझा शब्द."

भिंती नसल्याचा तोटाही असतोच. दुसऱ्या दिवशी सेउमालो स्वतः बाईंच्या दारात हजर. सेउमालो म्हणजे त्या घराण्याचे मताई, पंचायतीत ज्यांच्या शब्दावर दुसरा शब्द निघत नाही असे कुळप्रमुख. पेलेनातोचा बाप लवकर गेला, त्याला वाढवलं यांनीच.

"बाई, शाळा तुमची सुटली. आता आमची घरं तरी सोडा."

"घरं तुमचीच. पोरं मात्र माझ्याकडे यायची, त्यामुळे खोड जात नाही."

"पेलेनातो पण यायचा की तुमच्याकडे. तुम्ही कधी बोट लावलं नाहीत त्याला. काय निघाला? ना नोकरी, ना पदवी. तारोच्या कंदांच्या मळ्यात राबतोय. चार रट्टे दिले असतेत तर आज आपियाला, राजधानीत, हापिसात बसला असता."

हा टोला बाईंना लागला. पेलेनातो हुशार मुलगा होता, गणितं चुटकीसरशी करायचा, आणि मग कधीतरी मध्येच त्यानं शाळा सोडली. त्याचं काय बिनसलं हे बाईंना कधी कळलंच नव्हतं.  पण गप्प बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"तारो पिकवणं वाईट कधीपासून झालं? रोज खाता की तुम्ही!"

"हसण्यावारी नेऊ नका. पोरगी यंदा अडली तर तुमचा वर्ग बंद. मंडळाच्या घरात पाऊल ठेवायचं नाही. पंचायतीत मी बोललो आहे."

"अडली नाही तर?"

सेउमालो हसले. "अडणारच. मनगटात जोर असल्याशिवाय पाठांतर होत नसतं."

रविवारी चर्च पांढऱ्या कपड्यांनी भरून गेलं. मासिनाची पाळी आली. ती पुढे गेली, वेणीतलं फूल सारखं केलं, तोंड उघडलं, आणि पहिल्या ओळीनंतर थांबली. मागून एका म्हातारीनं पुढचा शब्द पुटपुटून दिला. पोरीनं तो घेतला नाही. बाकावर पेलेनातोची मान खाली गेली. पुढच्या रांगेत सेउमालोंनी हळूच मागे वळून बाईंकडे पाहिलं.

तेवढ्यात एसेता उठली. त्या वेळी मोठ्यांनी जागा सोडायची नसते. साऱ्या चर्चच्या माना वळल्या. ती सरळ पुढे गेली आणि लेकीच्या पायाशी जमिनीवर बसली.

"मासिना, आपण नारळ खवताना सांगतेस ना, तशी सांग. मलाच सांग."

मासिनानं आईकडे पाहिलं. आणि सांगायला लागली, स्वतःच्या शब्दांत.

"एका माणसाकडे खूप डुकरं होती."

चर्चमध्ये हशा पिकला. ती थांबली नाही.

"त्यातलं एक पिल्लू हरवलं. मग तो माणूस बाकीची डुकरं सोडून डोंगरात गेला. पाऊस होता. त्याच्या पायाला लागलं. तरी तो हाका मारत राहिला. मग ते पिल्लू सापडलं. ते चुकलं होतं, तरी त्यानं त्याला मारलं नाही. खांद्यावर घेऊन घरी आणलं, आणि सगळ्यांना म्हणाला, या, माझं पिल्लू सापडलं." जरा थांबून ती म्हणाली, "आमच्या बाबांनी पण असंच आणलं होतं. पिल्लाला."

आता कुणी हसत नव्हतं. पाद्रीबुवा टाळी वाजवावी की नाही या विचारात उभे राहिले, आणि बाईंनी मात्र मागच्या बाकावरून एकटीनंच टाळ्या वाजवल्या, हात दुखेपर्यंत.

चर्च सुटल्यावर बाई घरी गेल्या नाहीत. शब्द दिला होता. त्या पेलेनातोच्या घरावरून हळूहळू चालत निघाल्या. जेवायच्या वेळी दारावरून जाणाऱ्याला "या जेवायला" म्हणायची आमच्याकडे रीत आहे, आणि जाणाऱ्यानं "नको, झालंय" म्हणायचीही. एसेतानं हाक मारली. बाई छत्री मिटून तडक आत आल्या आणि मुलांच्या पंगतीशेजारी मांडी घालून बसल्या.

सेउमालो खांबाला पाठ टेकून आधीच बसले होते. त्यांनी बाईंकडे पाहिलंही नाही.

"पेलेनातो, गावासमोर मेंढराचं डुक्कर केलं पोरीनं. आई जाऊन जमिनीवर बसली. मला चार मताईंनी विचारलं, तुमच्या घरात चालतं कुणाचं? ऊठ. काय करायचं ते तुला माहीत आहे. बाई, आणि तुमचा वर्ग आजपासून बंद."

"मंडळाचं घर बंद करा," बाई म्हणाल्या. "मी उद्या तुमच्या दारासमोरच्या मैदानात बसेन. ऊन लागलं तर छत्री आहे."

"आणि कोण येतंय तिथे?"

"मी," एसेता म्हणाली. वाढता वाढता ती ताठ उभी राहिली.

पेलेनातोच्या हातात मासिनासाठी वाढलेलं ताट होतं, नारळाच्या दुधात शिजवलेली तारोची पानं, डुकराचं मांस, तारोचे कंद. तो ताट घेऊन तसाच उभा राहिला. मासिनानं दोन्ही हात डोक्यावर घेतले. बापाच्या हातात ताट आहे की खराटा, हे तिनं पाहिलंच नाही.

बाई अर्धवट उठल्या. पण पेलेनातोनं ते डोक्यावरचे हात पाहिले होते.

"काका," तो म्हणाला, "बाईंनी मला मारलं नाही म्हणून मी वाया गेलो, असं तुम्ही सगळ्यांना सांगता."

"खोटं आहे का?"

"शाळेत जे शिकलो ते अजून तोंडपाठ आहे मला. पण घरी आलो की तुम्ही पाठांतर घ्यायचात. तुमच्या हातात खराटा दिसला की माझं डोकं रिकामं व्हायचं. शाळेतही तसंच व्हायला लागलं, म्हणून सोडली शाळा. तुम्ही शिकवलेलं एक वचन आठवत नाही, काका. मार सगळा आठवतो."

सेउमालोंची पाठ खांबावरून सुटली. त्या घरात त्यांना आजवर कुणी उलटून बोललं नव्हतं.

"तो बापाविना होता," ते म्हणाले. कुणाला उद्देशून ते कळलं नाही. "मला दुसरं काय येत होतं?"

"मग उद्या तुम्हीही या," बाई म्हणाल्या. "पुढे बसवते."

पेलेनातो लेकीसमोर गुडघ्यावर बसला. ताट खाली ठेवलं, आणि तिचे हात एकेक करून डोक्यावरून खाली घेतले.