कुशाबाने मागितलेला कौल

आमच्या प्रभादेवीच्या कोळीवाड्यात कुशाबाइतका घोळ घालणारा माणूस दुसरा नाही. नवं जाळं विणायला घेऊ का? कौल. होडीला डांबर कधी लावू? कौल. देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवायच्या नि हात जोडून बसायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. बायको केली तीही उजव्या पाकळीच्या जोरावर. चांगली निघाली बिचारी. गाठीच्या रोगाची, प्लेगची, पहिली साथ आली तिच्यात ती गेली, नि कुशाबाच्या पदरात एकटी लेक तुळसा उरली.

पुढच्या साली साथ पुन्हा आली. परळला डॉक्टर सुई टोचायला बसले. टोचलं की गाठ येत नाही, असं गिरणीतले लोक सांगत. टोचलं की माणूस आटोपतो, असं बाजारातल्या बायका सांगत. खोटं कशाला बोलू, मी सकाळी एक सांगायचे नि संध्याकाळी दुसरंच. तुळसाला टोचू का, म्हणून कुशाबाने कौल लावला, तर देवी एकही पाकळी सोडेना. पाकळ्या वाळल्या, गुरव जेवायला गेला, हा आपला तिथेच बसलेला.

त्यात आली म्युनिसिपालटीची निवडणूक. कुशाबा घरपट्टी भरायचा, म्हणून त्याला मत. उमेदवार दारात यायला लागले. "देवी बोलत नाय, तर हे बोलतील," म्हणत त्याने ओट्यावर पाट टाकला नि त्यावर दोन सुपाऱ्या मांडल्या. जो येईल त्याला म्हणायचा, "नळ नको, गटार नको. माझ्या पोरीला टोचू की नको तेवढं सांगा. टोचायचं तर उजवी उचला, नायतर डावी."

पहिले आले ते एक शेट. त्यांनी दोन्ही उचलल्या, तोंडात टाकल्या नि म्हणाले, "वा, श्रीवर्धनच्या का?" हसावं की रडावं!

मग गिरगावचे पाठारे वकील आले. अंगावर शाल, भोवती सगळा वाडा गोळा झालेला. कुशाबाने नव्या सुपाऱ्या मांडल्या. वकिलांनी आधी लोकांची तोंडं बघितली. बहुतेक सुईच्या नावानं बोटं मोडणारे. "सुईचा अजून भरवसा नाही, घाई करू नका," असं म्हणून त्यांनी डावी सुपारी उचलली. आणि उचलली कशी, तर डाव्या हाताने!

माझं डोकंच फिरलं. "अहो वकीलसाहेब, सुपारी उचलताय की नाक शिंकरताय? कौलाच्या सुपारीला डावा हात?"

बिचारे ओशाळले. उजवा हात शालीबाहेर काढायला गेले, तो "आई गं!" करून हात खाली पडला. त्यांचा गाडीवाला भोळा, पटकन बोलून गेला, "दंड सुजलाय हो साहेबांचा. घरातल्या समद्यांनी परवाच टोचून घेतलंय, लेकरांनीसुद्धा."

वकील तडक गाडीत जाऊन बसले. माझ्या तोंडाशी इतक्या शिव्या आल्या, की पहिली कुठली द्यावी तेच कळेना. कुशाबा मात्र आ वासून गाडीकडे बघत होता. "सोनूबाय," तो म्हणाला, "उजवा पडला गो!"

तसाच उठला, तुळसाला खांद्यावर घेतलं नि परळला गेला. शेजारचा धोंडू नाही गेला. त्याचं पोर तुळसाएवढंच. मी सांगून पाहिलं, तर म्हणाला, "गाडीवाल्याचं काय ऐकतेस? एवढा शिकलेला माणूस, तो खोटं कशाला बोलेल?"

तुळसाला ताप भरला तेव्हा कुशाबा माझ्या दाराशी येऊन सारखा विचारी, "बरं केलं ना मी?" मला काय ठाऊक! मग ताप उतरला नि पोर भात-सुकट मागू लागली. धोंडूच्या पोराला त्याच महिन्यात गाठ आली. ते गेलं.

मताच्या दिवशी कुशाबा पागोटं घालून निघाला, तो धोंडूच्या दारापाशीच अडला. "वकिलापायी माझी पोर वाचली," तो मला म्हणाला, "नि वकिलापायीच ह्याचं पोर गेलं. आता मत कुणाला देऊ गो?"

मी म्हटलं, देवीला कौल लाव.

"नको," तो म्हणाला. पागोटं काढलं नि धोंडूच्या ओट्यावर त्याच्याजवळ जाऊन बसला. मत द्यायला गेलाच नाही.