बोर्डावरच्या बाईच्या मागावर: वाशी ते बेलापूर

"नवी मुंबईत एका दिवसात काय काय बघता येईल?" असं परवा भाचीने विचारलं आणि मला हसूच फुटलं. मी ती एका दिवसात बघून आले आहे, पण ऐंशीच्या दशकात, जेव्हा तिथे बघण्यासारखं जवळजवळ काहीच नव्हतं. आम्ही गेलो होतो दुकानांचे बोर्ड बघायला.

झालं असं की मला एक स्थळ आलं होतं. मुलगा बोर्ड रंगवणारा पेंटर, मूळचा रत्नागिरीकडचा, आमच्याच समाजातला, राहायला नेरूळला. नाव वसंत. चेंबूरच्या आमच्या खोलीत बघण्याचा कार्यक्रम झाला, पोहे झाले, चहा झाला, आणि तेवढ्या वेळात या गृहस्थाने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे इतक्या भक्तिभावाने बघत होता की मला वाटलं, पुढच्या वर्षीच्या सुट्ट्या शोधतोय. निघताना त्याच्या मामांनी आईला सांगितलं, "पोरगा बोलत नाय जास्त, पण काम बघा त्याचं. वाशीपासून बेलापूरपर्यंत त्याचेच बोर्ड हायत. रविवारी येतो, काय तो होकार-नकार सांगा."

आईला मुलगा पसंत होता. मला काही ठरवता येईना. जो माणूस बघायला येऊन बघत नाही, त्याच्याबरोबर अख्खा जन्म कसा काढायचा? शेवटी बेबीमावशी म्हणाली, "त्याने तुला नाय बघितलं ना? मग आपण त्याला बघू. शनिवारी सकाळी तयार राहा." मावशी शाळेत बाई होती. काहीही तपासायला मिळालं की तिच्या चेहऱ्यावर तेज यायचं.

ज्यांना असा प्रवास करायचा आहे त्यांच्यासाठी तयारीचं सांगते: छत्री, पाणी आणि भरपूर गाजरं. छत्री उन्हासाठी, कारण तेव्हा तिथली झाडं माझ्या गुडघ्याएवढी होती. गाजरं का, ते मावशीला माहीत. ती म्हणाली म्हणून घेतली.

चेंबूर नाक्यावर बस पकडली. कंडक्टरने विचारलं, "वाशीला कोणाकडे?" त्या काळी वाशीला लोक कोणाकडे तरीच जायचे. मावशी म्हणाली, "बोर्ड बघायला." त्याने आमच्याकडे नीट बघून मुकाट्याने तिकिटं फाडली. खाडीपुलावर बसच्या खिडकीतून असा वारा आला की मावशीचा पदर मागच्या सीटवरच्या एका सद्गृहस्थाच्या तोंडावर जाऊन बसला. ते वाशी येईपर्यंत काही बोलले नाहीत. बहुधा बोलता येत नव्हतं.

वाशीत उतरल्या उतरल्या पहिला बोर्ड सापडला. साडीचं दुकान, खाली कोपऱ्यात वसंतची सही. अक्षरं अशी रेखीव की मावशीने मान डोलावली. आणि अक्षरांच्या बाजूला एक बाई. मोठे डोळे, हनुवटीला खळी, आणि डावी भुवई जराशी वर. घेणार आहेस की नुसतीच बघणार, असं विचारत असल्यासारखी. बाई देखणी होती, खोटं कशाला बोलू?

"छान काढलीये," मी म्हणाले. शेजारच्या हॉटेलात उसळपाव खाल्ला. वाशीतली उसळ तेव्हा फार तिखट असायची आणि पाव मागाल तेवढे ताजे. इथवर प्रवास सुखाचा होता.

पुढे तुर्भ्याला जायला लवकर बस मिळेना, म्हणून मार्केटकडे निघालेल्या कांद्याच्या टेम्पोत पुढे बसलो. ड्रायव्हरने पैसे घेतले नाहीत, पण मागच्या गोण्यांनी डोळ्यांतून वसूल केले. उतरलो तर समोर पिठाच्या गिरणीचा बोर्ड. त्यावर चाळण हातात घेतलेली बाई. मोठे डोळे, हनुवटीला खळी, डावी भुवई वर.

"अगं, ही तीच!" मावशी ओरडली.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. गिरणीवाले काका धावत बाहेर आले. "काय झालं ताई? बसा, बसा."

"काय नाय, कांदा," मी म्हणाले.

"टेन्शन घेऊ नको," मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "अजून लग्न थोडीच झालंय." तिला कांद्यावर विश्वास बसला नव्हता.

नेरूळला तर कळसच झाला. डेअरीच्या बोर्डावर एक बाई, तिच्या कडेवर गुटगुटीत बाळ आणि बाजूला म्हैस. तिघांचीही डावी भुवई वर.

मावशी गंभीर झाली. "बाई आहे, मूलसुद्धा आहे. हा माणूस आपल्याला फसवतोय."

"आणि म्हशीचं काय?"

"म्हशीचं मला सांगता येत नाही," मावशी म्हणाली. "पण एक सांगते. प्रेम असल्याशिवाय एकच तोंड माणूस इतक्यांदा काढत नाही. तुझ्या काकांना माझं चित्र काढायला सांगितलं तर दुधीभोपळा काढतील, आणि तोही आठवून आठवून."

आता मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गंमत बघा, त्या माणसाला मी अजून होकारही दिला नव्हता, आणि मी नेरूळच्या उन्हात उभी राहून एका पिठाच्या गिरणीवरच्या बाईवर जळत होते. त्यातही खरी बोच वेगळीच होती. कोणीतरी कोणाला इतकं मनात धरून असतं की साडी काढा, पीठ काढा, दूध काढा, ब्रश आपोआप तिच्याकडेच वळतो. तसं मला कोणी मनात धरलं नव्हतं. मला तर समोर बसवूनही कोणी बघितलं नव्हतं.

"घरी जाऊ," मी म्हणाले. "नकार कळवू."

"आधी पेपर पूर्ण तपासू," मावशी म्हणाली आणि मला बेलापूरच्या बसमध्ये ढकललं.

बेलापूर गावात तांदळाची भाकरी आणि तळलेले बोंबील खाल्ले. एवढ्या रागातही मी दोन भाकऱ्या संपवल्या, यावरून बोंबलांची कल्पना करा. बाहेर एक आगरी मावशी मासे विकत बसली होती, तिच्या डोक्यावरच काचेच्या बांगड्यांच्या दुकानाचा बोर्ड होता. बोर्डावर अर्थातच ती. बेबीमावशीने सरळ विचारलं, "ही बाई कोण हो?"

"मना काय ठाव? आमचे गावची नाय," ती म्हणाली. "पन पेंटर हितंच हाय बग, त्या नव्या दवाखान्याचे भिंतीवर चढलाय. पोऱ्या कामाचा हाय, पन जरासा येडा. बोलतो कमी, आरशान बगतो जास्त."

दवाखाना म्हणजे नवं प्रसूतिगृह. रस्त्याच्या कडेची भिंत, तिला बांबूची परांची बांधलेली, आणि परांचीवर वसंत. आमच्याकडे पाठ होती. भिंतीवर एका आईचं चित्र अर्धवट होतं, चेहऱ्याची जागा कोरी. समोर सुतळीने दाढीचा आरसा टांगलेला. आम्ही हाक मारणार तेवढ्यात त्याने खांद्यावरचा टॉवेल पदरासारखा डोक्यावर घेतला, डाव्या हाताची दोन बोटं मिशीवर आडवी धरली, आरशात बघून गोड हसला आणि डावी भुवई हळूच वर केली.

"अगं बाई!" मावशी किंचाळली. "ती हाच आहे!"

तो तसाच वळला. डोक्यावर पदर, मिशीवर बोटं. मला बघितलं आणि उजव्या हातातला ब्रश सुटून मावशीच्या छत्रीवर पडला. ती छत्री पुढे कित्येक वर्षं अर्धी पिवळी होती.

मी इतकी हसले की रस्त्यावर बसायची वेळ आली. मत्सर कुठच्या कुठे पळाला. दिवसभर मी ज्या सवतीला शिव्या घालत होते तिला मिशा होत्या.

वसंत खाली उतरला. कान लालबुंद. "बायकांकडे टक लावून बघणं बरं दिसत नाय," तो आपल्या चपलांना सांगू लागला. "समोर बसणार कोण? आरशात मी आहेच. मिशी झाकली की काम होतं."

"आणि म्हैस?" मावशीने विचारलं.

"तिला मिशी नसते," तो म्हणाला. तो विनोद करत नव्हता.

"म्हणून आमच्या घरीसुद्धा बघितलं नाही?" मी विचारलं.

"बघायचं होतं. हिंमत झाली नाय."

मी एक रंगाचा रिकामा डबा उलटा केला आणि भिंतीसमोर बसले. "मग आता बघा."

आणि त्याने बघितलं. सुरुवातीला हळूच, चोरून, मग सरळ. मावशीने मागवलेला चहा निवला, त्याने घेतला नाही. ब्रश उचलला, भिंतीशी नेला आणि परत मागे घेतला. "इतकी वर्षं सोपं होतं," तो म्हणाला. "आज चुकेन अशी भीती वाटते." लाज सोडून सांगते, त्या क्षणी मला तो फार आवडला. माझा चेहरा चुकू नये म्हणून घाबरणारा माणूस मी आधी पाहिला नव्हता. मी गाजर खात बसून राहिले. गाजरं कामी आली.

भिंतीवर डोळे आले, ओठ आले, आणि मग आलं नाक. माझं नाक आमच्या घराण्याचं आहे, ते दाराबाहेर उभ्या माणसालाही दिसतं. मावशी पुढे झाली. "वसंता, नाक जरा लहान कर. दवाखान्याची भिंत आहे, बाळंतिणी बघणार."

वसंतने मान हलवली. "नाक बदललं तर ह्या राहणार नाहीत मावशी."

संध्याकाळच्या बसने परत आलो. घरी आईने दारातच विचारलं, "काय गं, नीट बघितलंस का त्याला?"

"त्याने बघितलं," मी म्हणाले. "हो सांग त्याच्या मामांना."

आता ती सहल कोणाला करता येणार नाही. तिथे आता लोकल गाड्या जातात, उड्डाणपूल झाले, पण रंगवलेले बोर्ड गेले आणि प्रसूतिगृहाची भिंतही. लग्नानंतर वाशी ते बेलापूर सगळ्या बायका माझ्या नाकाच्या निघू लागल्या. साडीवाल्याने तक्रार केली, यांनी त्याचं काम सोडलं. म्हशीवाल्याला मात्र नाक पसंत पडलं.

हे लिहिते आहे तर हे समोर बसलेत. ब्रश सुटला, आता पेपरच्या कडेला पेनने काढतात. मी डोकावून बघितलं. सुरकुत्या सगळ्या आल्या होत्या, नाक होतं त्याहून मोठं.

"कमी करा हो जरा," मी म्हणाले.

यांनी मान वर केली, भुवई नेहमीसारखी चढलेली, आणि माझ्याकडे बघत राहिले. चहा निवला. मी नाकाचा विषय पुन्हा काढला नाही.