गोणपाटावरचा शेंदूर

आम्ही धम्म घेतला त्याच्या तिसऱ्या वर्षी मी दिग्रसला चित्रकलेचा मास्तर झालो आणि अंगात कला संचारली. घरचे देव नदीत सोडले होते. त्यांचा रिकामा कोनाडा मला बघवत नसे, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत जिनिंगमधून गोणपाट आणलं, खळीने त्यावर सरकीसकट कापूस चिकटवला, भरपूर नीळ फासली आणि मधोमध लालभडक फराटा ओढला. आकार कशाचाच नव्हता. लाल रंगासाठी मायच्या कणगीमागे सापडलेली शेंदराची डबी जवसाच्या तेलात कालवली. मायला विचारलं नाही. शहाणा होतो ना!

चित्र कोनाड्यावर टांगलं, कोनाड्यात पुन्हा काहीतरी आल्याची बातमी पसरली आणि संध्याकाळी वस्तीतल्या दोन जाणत्यांना घेऊन मोठे बाबा आले. हे वडिलांचे थोरले भाऊ. वडील गेल्यावर घरात त्यांचाच शब्द चाले. तिघं चित्रात डोळे शोधू लागले. देव लपवला असेल तर डोळे असतीलच, असा त्यांचा हिशेब. मला हसू येत होतं, ते मोठ्या बाबांच्या पहिल्याच प्रश्नाने जिरलं.

"शेंदूर हाय हा. देव सोडले, मंग डबी काहून ठेवली?"

वस्तीतल्या बायांना बुद्धवंदना शिकवायचं काम मायकडे होतं. अख्ख्या आयुष्यात तिला मिळालेला तेवढाच मान, आणि माझ्या फराट्यापायी तो जाणार होता. बाजारातून आणला म्हणून थाप मारायला मी तोंड उघडलं, पण माय आधी बोलली.

"म्याच ठेवली. देव सोडले, डबी सोडवली नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोठ्या बाबांनी खात्री करायला फराट्यावर बोट टेकवलं. तेल वाळलं नव्हतं; बोट लाल झालं. आणि ते बोट, साठ वर्षांच्या सवयीने, सरळ कपाळाकडे निघालं.

भुवईपाशी थांबलं. सगळ्यांनी पाहिलं. मायने मान खाली घातली.

मोठ्या बाबांनी बोटाकडे पाहिलं. मग त्यांनी ते गोणपाटाच्या कोऱ्या कोपऱ्यात पुसलं.

"सुटते हळूहळू," ते मायला म्हणाले. "उद्या वंदना तूच घेजो."

तो डाग मी तसाच ठेवला. चित्रात तेवढंच मला काढता आलं नसतं.