कंट्रोलर अप्पांची परतीची गाडी

महाबलीपुरमला जाऊन माणूस फक्त बसस्टँड बघून परत येतो, असं कुणी सांगितलं असतं तर अर्चनाने विश्वास ठेवला नसता. पण तिने ते डोळ्यांनी पाहिलं, आणि तो माणूस तिचा सख्खा बाप होता.

माधवराव, म्हणजे तिचे अप्पा, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. करमाळ्याच्या स्टँडवर जाळीच्या खिडकीमागे बसून त्यांनी एकतीस वर्षं गाड्या लावल्या आणि सोडल्या. लोक त्यांना कंट्रोलरसाहेब म्हणत. समोर लाउडस्पीकर होता, पण त्याच्यावर विसंबायचा त्यांचा स्वभाव नव्हता. खिडकीतून मान बाहेर काढून "परांडा गाडी लागली" असं ते एकदाच सांगत, आणि समोरच्या हॉटेलातली माणसं अर्धा चहा टाकून धावत सुटत. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी आवाज तसाच राहिला होता. जेवताना मीठ मागितलं तरी शेजारच्या घरात कळायचं.

दोन वर्षांपूर्वी अर्चनाची आई गेली आणि अप्पा करमाळ्याच्या दोन खोल्यांत एकटे उरले. गेल्या दिवाळीत न्हाणीघरात पाय घसरून पडले, तर ही गोष्ट अर्चनाला तीन आठवड्यांनी दूधवाल्याकडून कळली. ती एकुलती एक. तिने फोनवर सरळ सांगितलं, "अप्पा, आता बास झालं. इकडे या, कायमचे."

"बघू," अप्पा म्हणाले.

अप्पांचं 'बघू' घरात सगळ्यांना पुरतं ठाऊक होतं. लहानपणी अर्चनाने सहलीला जाऊ का विचारलं की बघू, आईने नवा मिक्सर घेऊ या म्हटलं की बघू, मामाने भागीत जमीन घेता का विचारलं तरी बघू. यातलं पुढे काही झालेलं कुणाच्या पाहण्यात नाही. तोंडावर नाही म्हणायला त्यांना संकोच वाटे, म्हणून ते बघू म्हणत.

शेवटी बरीच रडारड झाल्यावर ते दहा दिवसांपुरते चेन्नईला आले. येताना परतीचं आरक्षणही स्वतः खिडकीवर उभं राहून करून आले होते, खालचा बर्थ, पुढच्या आठवड्यातल्या रविवारचा. दारात चप्पल काढता काढता त्यांनी जावयाला ते तिकीट दाखवलं. "उपेंद्रराव, मी काही मुक्कामी गाडी नव्हे. रात्री गावात थांबायचं नाही. फेरी मारायची आणि डेपोत परत."

अर्चनाने ते ऐकलं आणि मनाशी ठरवलं की दहा दिवसांत या माणसाला चेन्नई आवडलीच पाहिजे. रविवारी ते गेले तर पुन्हा यायचे नाहीत, हे ती ओळखून होती. मग पुढचा फोन दूधवाल्याचा यायचा आणि तो कसला असेल, ह्याचा विचारसुद्धा तिला नको वाटायचा.

तिची तयारी दांडगी होती. सिरुसेरीच्या कंपनीत ती सॉफ्टवेअर तपासायचं काम करी, त्यामुळे तक्ता केल्याशिवाय तिला सहल करता येत नसे. कुठल्या दिवशी काय पाहायचं, कुठे नाश्ता, कुठे स्वच्छतागृह, सगळं रंग देऊन लिहिलेलं. उपेंद्रने तो तक्ता पाहिला आणि विचारलं, "अप्पा येतायत की ऑडिट येतंय?" त्याला विनोद सुचत, कारण तो रोज पहाटे उठून गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात जाई आणि घरात फारसा नसे.

या दोघांना चेन्नईत सात वर्षं झाली होती. पहिली दोन वर्षं परदेशात काढल्यासारखीच गेली. भाजीवाली काय म्हणते कळत नव्हतं, औषधाच्या दुकानाची पाटी वाचता येत नव्हती, आणि शनिवार-रविवार आला की दोघं घाबरत घाबरत कुठे तरी फिरून येत. त्या छोट्या छोट्या सहलींनीच हे शहर अर्चनाच्या अंगवळणी पडलं होतं. तिला झालं तसं अप्पांनाही होईल, असा तिचा हिशेब होता.

शनिवारी महाबलीपुरम. समुद्राकाठच्या देवळासमोर अर्चनाने पाऊण तास माहिती सांगितली, पल्लवांपासून. अप्पांनी मान डोलावली, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "पाणी पिऊन येतो." अर्ध्या तासाने ते सापडले बसस्टँडवर, एका झाडाखाली. हातात खिशातली डायरी, कानामागे लाल पेन.

"अप्पा, देऊळ तिकडे आहे."

"हजार वर्षं आहे म्हणतेस ना? मग ते कुठे जातंय," अप्पा म्हणाले. "ही गाडी आत्ता जाईल."

रविवारी कांचीपुरम. मंदिरात त्यांनी मनोभावे नमस्कार केला, इडली खाल्ली, साडीच्या दुकानात अर्चना आणि नात ऋजुता यांच्याबरोबर गादीवर बसलेही. पण परतताना गाडी स्टँडसमोरून घ्यायला लावली आणि उपेंद्रला सांगितलं की गाड्या इथे मागे घेऊन लावतात, ही पद्धत चांगली आहे. संध्याकाळी मरिनावर समुद्र दाखवला. अप्पांनी तो नीट पाहिला आणि म्हणाले, "मोठा आहे." एवढंच. अर्चनाने रात्री तक्ता उघडला, 'मरिना' पुढे बरोबरची खूण केली आणि तिला आतून रडू आलं.

सोमवारपासून दोघांचं ऑफिस सुरू झालं. घरी अप्पा, आणि दुपारी शाळेतून येणारी आठ वर्षांची ऋजुता. खालच्या मजल्यावर घरमालकीण अंबुजाबाई. त्यांचं घराणं तंजावरचं, कैक पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं. त्यांची मराठी जुनी, तमिळच्या चालीवरची. अर्चनाला सुरुवातीला तीही परकीच वाटली होती, आता त्या माऊलीवाचून तिचं पान हलत नसे.

"अर्चना, तुझे वडील भले मनुष्य," अंबुजाबाईंनी मंगळवारी जिन्यात गाठून सांगितलं. "पण फार मोठ्यानें बोलतात. आम्हांस खालीं बसून कळतें, आज तुमच्या घरांत भाजी कोणची."

"त्यांना इथे कंटाळा येतोय का हो? तुम्हांला काय वाटतं?"

"कंटाळा? नाहीं की. सकाळीं छत्री घेऊन जातात, दुपारीं येतात. मी फिल्टरची कापी देतें म्हटलें तर म्हणतात, झाली."

अर्चनाला वाटलं, जात असतील देवळापर्यंत. रोज दुपारी एकला ती ऑफिसातून फोन करी आणि अप्पा उचलत. मागे हॉर्न वाजत, कुणी तरी ओरडत असे. "टीव्ही लावलाय," अप्पा सांगत. घरातल्या टीव्हीचं रीचार्ज मागच्या महिन्यातच संपलं होतं, हे अर्चनाच्या लक्षात आलं नाही.

गुरुवारी एकला फोन कुणी उचलला नाही. सव्वाला नाही, दीडला नाही. अंबुजाबाई गुरुवारी राघवेंद्रस्वामींच्या मठात जात आणि तिथे त्यांचा फोन बंद असे. पावणेदोनला अर्चनाने लॅपटॉप मिटला, साहेबांना काय सांगितलं ते तिचं तिलाच आठवत नव्हतं, आणि रिक्षात बसली. सबंध वाटेवर तिला न्हाणीघराची फरशी दिसत होती.

घराला कुलूप. तिने आपल्या किल्लीने उघडलं. न्हाणीघर कोरडं, रिकामं. फोन चार्जरला लावलेला, त्यावर तिचेच अकरा कॉल. अप्पा नाहीत, छत्री नाही. तमिळचं एक अक्षर येत नाही, फोन जवळ नाही, अशा अवस्थेत हा माणूस एवढ्या मोठ्या शहरात कुठे तरी होता. अर्चना त्यांच्या पलंगावर मटकन बसली, आणि उशीजवळ तिला डायरी दिसली. भरून संपलेली, म्हणून मागे ठेवलेली. कुणाचा पत्ता, कुणाचा नंबर मिळेल म्हणून तिने ती उघडली.

"शनि. महाबलीपुरम. स्टँड लहान, सावली चांगली. अर्चना फार बोलली. दमली."

"रवि. कांचीपुरम. हिरवी साडी पाहिली. हिच्या आईला शोभली असती."

"सोम. उपेंद्रराव सुटतात ५.५०. परत ७.४० ते ९.१०, नक्की नाही. अर्चना सुटते ८.०५, परत ७.१५. ऋजुताची शाळेची गाडी कोपऱ्यावर ३.३५. एरवी एकटी उतरते. पुढे अंबुजाबाईंकडे. गुरुवारी त्या मठातून चारला येतात, तोवर पोर जिन्यावर बसते (तिनेच सांगितलं)."

आणि खाली लाल पेनाने दोन रेघा ओढून लिहिलं होतं: "३.३५ ते ७.१५. या वेळेत गाडी नाही."

अर्चनाने ते दोनदा वाचलं. गुरुवारचा जिना तिला ठाऊक होता. पंचवीस मिनिटांचा तर प्रश्न आहे, असं म्हणून तिने तो मनाच्या कोपऱ्यात सारून ठेवला होता. ती बापाला शहर दाखवत फिरली, आणि बाप मुकाट्याने तिचं घर बघत होता. तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त त्यांची माया वाटली.

पुढची पानं नुसत्या आकड्यांची होती, गाड्यांचे नंबर आणि वेळा. वर लिहिलं होतं: "तिरुवान्मियूर स्टँड. घरापासून चालत अकरा मिनिटं. टाइमकीपर वेंकट, भला माणूस." अर्चनाने डायरी पर्समध्ये टाकली आणि चालत न जाता पळतच गेली, त्यामुळे तिला सात मिनिटं लागली.

अप्पा दिसायच्या आधी ऐकू आले.

"गिंडी, गिंडी! एरुंगा, एरुंगा!"

गिंडीच्या गाडीत चढा, चढा, असं ते सांगत होते आणि लोक खरंच चढत होते. टाइमकीपरच्या टपरीवजा खोलीबाहेर अप्पा उभे होते, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात नवी डायरी. आत पन्नाशीचा वेंकट खुर्चीवर बसून निवांत कागद भरत होता. एका बाईने अप्पांना तमिळमध्ये काही तरी विचारलं. अप्पांनी छत्रीने तिसरी गाडी दाखवली. बाई त्या गाडीत जाऊन बसली आणि अर्चनाने पाटी पाहिली तर गाडी बरोबर होती.

"अप्पा," ती धापा टाकत म्हणाली, "जीव जायची वेळ आली माझी. फोन कुठे ठेवलात, सांगून का नाही गेलात, इथली भाषा तरी येते का तुम्हांला?"

"भाषा लागते कुठे," अप्पा म्हणाले. "आकडे तेच, घड्याळ तेच. चढा आणि उतरा एवढे दोन शब्द ऋजुताने शिकवले. हे वेंकट. मी यांना सांगितलं की एकाच नंबरच्या दोन गाड्या पाठोपाठ सोडायच्या नाहीत. ते म्हणाले, मीही वरच्यांना हेच सांगतो."

"कुठल्या भाषेत म्हणाले?"

अप्पांनी जरा विचार केला. "ते काही मला आठवत नाही."

वेंकट उठून उभा राहिला, अर्चनाला नमस्कार केला आणि तमिळमध्ये म्हणाला की तुमच्या वडिलांचा आवाज सरकारी मालमत्ता आहे, ती घरात ठेवू नका. अर्चनाला हसू आलं, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले. अप्पांनी ते पाहिलं आणि लगेच मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"तीन वीस. चल. पोरीची गाडी येईल, आज गुरुवार आहे."

ऋजुता तीन पस्तीसला उतरली. कोपऱ्यावर आजोबा रोजचेच होते, पण आईला बघून ती घाबरली. "आजोबांचं कळलं का तुला?" तिने विचारलं. मग तिघं घरी आली, आणि त्या दिवशी जिन्यावर कुणी बसलं नाही.

अर्चनाने रात्री उपेंद्रला डायरी वाचून दाखवली. त्याला विनोद सुचला नाही. "रविवारचं काही बोलले का?" त्याने विचारलं. नव्हते बोलले. शुक्रवारीही नाही. अर्चना विचारणार होती, पण डायरी वाचल्याचं सांगावं लागेल म्हणून गप्प बसली. शुक्रवारी संध्याकाळी त्यांची बॅग पलंगाखालून बाहेर आलेली दिसली, आणि तिला जेवण गेलं नाही.

शनिवारी सकाळी तक्त्यात पुलिकतचं सरोवर होतं, पक्षी बघायला. अप्पा आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून बाहेर आले.

"मला आज जमायचं नाही," ते म्हणाले. "काम आहे. इथे पासपोर्टच्या मापाचे फोटो कुठे काढतात? दोन लागतात."

"कशाला?"

"वेंकट म्हणाला, खिडकी दुपारपर्यंत उघडी असते. पास काढतो. बॅगेत जुना फोटो असेल म्हणून काल शोधला, तर नाही."

"कसला पास, अप्पा?"

"बसचा. महिन्याचा."

अर्चना ओट्याशी उभी होती. तिने गॅस बारीक केला. ज्या माणसाने उभ्या जन्मात कॅलेंडरचं पानसुद्धा महिना संपायच्या आधी उलटलं नव्हतं, तो एका दिवसासाठी महिन्याचा पास काढणार नव्हता. तरी तिला खात्री करून घ्यायची होती, आणि सरळ विचारायची हिंमत होत नव्हती.

"सकाळी फिरून येत जाईन," अप्पा तिच्याकडे न बघता म्हणाले. "तीन पस्तीसच्या आत परत."

"मग उद्याची गाडी, अप्पा?"

अप्पांनी छत्री उचलली, चपला पायात सरकवल्या आणि दार उघडलं.

"बघू," ते म्हणाले. खालच्या मजल्यावर अंबुजाबाईंनाही ते स्वच्छ ऐकू गेलं.