कोयनानगरचा बाहुलीपट

कोयनेच्या भूकंपानंतर सातव्या वर्षी, एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी, सांगलीतल्या आमच्या घरात साडेतीन मिनिटांचा एक बाहुलीपट दाखवण्यात आला. तो माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी केला होता. बहिणीला मी आक्का म्हणे आणि त्यांना दाजी. पाहायला आई, आक्का, मी आणि प्रोजेक्टर घेऊन आलेले गावातले एक फोटोग्राफर, एवढेच होतो.

दाजी कोयनानगरला धरणाच्या प्रकल्पात आरेखक होते. भूकंपाच्या पहाटे त्यांच्या घराची भिंत पडली आणि त्यांची सहा वर्षांची एकुलती एक मुलगी गेली. आक्का महिन्याभराने माहेरी आली. मध्ये एकदा ती परत गेली, तीन महिने राहिली आणि एका सकाळी न कळवता पुन्हा सांगलीला उतरली. जमीन तिथे अजून हलत होती. हलायचे थांबले की येते, असे तिने दाजींना सांगितले होते. भांडण नव्हते. अट एवढीच होती.

दाजी पंधरा दिवसांनी पत्र लिहीत. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून प्रत्येक पत्रात एक ओळ असे: आता इथे काही होत नाही. मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होतो. कोयना परिसरात सौम्य धक्का, हानी नाही, अशी दोन ओळींची बातमी अधूनमधून येई आणि पानाच्या तळाशी ती मीच लावी. त्या दिवशीचा अंक मी घरी नेत नसे.

तरीही दाजी खोटे लिहीत नव्हते. एकदा मी त्यांच्याकडे गेलो असताना चार जण चहा घेत बसले होते. खिडकीचे गज किणकिणले. चौघांनीही कपावर हात ठेवला, पण बोलणे कोणी थांबवले नाही. मी उठून उभा राहिलो, तेव्हा दाजींनी मला विचारले, काय झाले?

बाहुल्यांची कल्पना त्यांना कॉलनीच्या क्लबात सुचली. तिथे एकदा मुलांसाठी एक परदेशी चित्रपट दाखवला होता. त्यात बाहुल्या दोरीशिवाय चालत. ते कसे करतात हे दाजींनी विचारून घेतले. बाहुली केसभर हलवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा हलवायची. पडद्यावरच्या एका सेकंदाला सोळा चित्रे लागतात. बदलून जाणाऱ्या एका इंजिनियरकडून त्यांनी आठ मिलिमीटरचा जुना कॅमेरा घेतला. सांगलीच्या एका गणपती करणाऱ्या कारागिराकडे दोन दिवस बसून ते शाडूची डोकी करायला शिकले. मुलीच्या बाहुलीला आलटूनपालटून बसवायला लिंबाएवढी नऊ डोकी केली, प्रत्येकाचे ओठ थोडे वेगळे. कारागिराच्या रीतीप्रमाणे डोळे सगळ्यांत शेवटी रंगवले. हातपाय तांब्याच्या तारेचे, वर कापूस आणि चिंध्या. बाहुल्यांच्या घरातल्या मांडणीवरचे डबे आणि तांबे बिस्किटांच्या डब्याचा पत्रा कापून केले होते. त्यातला सर्वांत मोठा डबा अंगठ्याएवढा होता.

कचेरी सुटल्यावर ते रोज दिवे लावून बसत. विजेला तिथे तोटा नव्हता. कॉलनीतली माणसे जाता-येता विचारत, "काय रं गड्या, आज कुठवर चालली बाहुली?" दाजी खरेच उत्तर देत: दोन पावले. साडेतीन मिनिटांना साडेआठ महिने लागले.

त्या चित्रपटात फारसे काही घडत नाही. आई पाटावर बसून मुलीची वेणी घालते. मुलगी दाराकडे बघायला मान वळवते, आई डोके धरून ती सरळ करते. असे दोनदा होते. वेणी झाल्यावर मुलगी उठून उंबऱ्याशी येते, फ्रॉकचा घोळ मुठीत धरून थांबते, खाली बघते आणि डावा पाय बाहेर टाकते. या थांबण्याला पडद्यावर अकरा सेकंद लागतात. दाजींना पाच आठवडे लागले. बाहुलीचे वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाते, मूठ सैल होऊन पुन्हा आवळते. बाहेर पाऊल टाकायचे की नाही हे तिचे ठरत नाही, असे स्पष्ट दिसते. पुढे ती अंगणात कोंबडीमागे धावते.

आईची बाहुली पूर्ण वेळ पाठमोरी आहे. तिला चेहरा का केला नाही, असे मी विचारले होते.

"तिचं तोंड आता माझ्या हातात येत न्हाई," दाजी म्हणाले.

हा चित्रपट कशासाठी आहे हे घरात सगळ्यांना माहीत होते. फेब्रुवारीत आक्काने दाजींना लिहिले होते की पाडवा झाल्यावर या, मग परत यायचे बघू. एवढ्या वर्षांत तिने पहिल्यांदाच असे लिहिले होते. दाजींनी कॉलनीतले घर रंगवून घेतले.

त्या दुपारी खिडक्यांना चादरी लावल्या. पहिल्यांदा मान वळली तेव्हा आई हळूच म्हणाली, "अगदी अशीच करायची." आक्का पुढे सरकून, गुडघ्यावर हात ठेवून बघत होती. मुलगी उंबऱ्याशी आली. तिने मूठ आवळली आणि त्याच क्षणी पडद्यावर तिच्या मागच्या मांडणीवरची सगळी भांडी एकदम डावीकडे सरकली. दार आणखी थोडे उघडले. बाहुली जागची हलली नाही. दोन सेकंदांनी भांडी पुन्हा सरकली.

दिवा लावल्यावर फोटोग्राफर म्हणाले की काम झकास आहे, फक्त उंबऱ्यापाशी कॅमेरा हललेला दिसतो.

"कॅमेरा कसा हालंल?" दाजी म्हणाले. "लोखंडी पट्टी मारून सिमेंटात बसवलाय. बाहुलीचं पाय खिळ्यात हायत. माझ्या हातनं काय बी हाललं न्हाई."

आपल्या कामाची बाजू घेणारा कारागीर बोलतो तसे ते बोलले.

आक्काने विचारले, "मग भांडी कशानं सरकली?"

आक्काने फोटोग्राफरना चित्रपट पुन्हा लावायला सांगितले. या वेळी ती मुलीकडे बघत नव्हती, मांडणीकडे बघत होती. भांडी एकूण चार वेळा सरकत होती. दोनदा वेणीच्या वेळी, दोनदा उंबऱ्यावर. एकेक धक्का ती बोटांवर मोजत होती.

"मला कळलंच न्हाई गं," दाजी म्हणाले. "मी बाहुलीकडं बघत हुतो."

"तेच म्हणते मी," आक्का म्हणाली. "ज्याला कळतच नाही, त्याच्या भरवशावर मी तिथं डोळे कसे मिटू?"

तिने आवाज चढवला नव्हता. मग ती फोटोग्राफरना चहा करायला आत गेली. दाजी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गेले. त्यानंतरच्या पत्रांत ती ओळ नव्हती. हवा, पाऊस आणि तब्येत एवढेच असे.

दीड वर्षाने दाजींनी साताऱ्याला बदली मागून घेतली. तिथे त्यांनी दगडी फरशीची एक खोली भाड्याने घेतली आणि नव्या बाहुल्या करून तोच चित्रपट पहिल्यापासून पुन्हा केला. मी तो साताऱ्याला त्यांच्या भिंतीवर पाहिला. हालचाली आधीपेक्षा सफाईदार आहेत. भांडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत जागेवर आहेत. उंबऱ्यावर मुलगी थांबते, पण पाय बाहेर टाकणार हे आधीच कळते. आईची बाहुली याही वेळी पाठमोरी आहे. मी दाजींना चांगला झालाय म्हणालो.

तो त्यांनी रजिस्टर पोस्टाने आक्काला पाठवला. खोली साताऱ्यात आहे, फरशी दगडी आहे आणि दोघांना पुरेल एवढी जागा आहे, असे सोबतच्या पत्रात लिहिले. आक्काने पोस्टकार्डाने पोच दिली. पोस्टकार्डावर दोनच शब्द होते: पुडके मिळाले.

पुढच्या वर्षी फोटोग्राफरनी प्रोजेक्टर विकला. त्याही पुढच्या वर्षी दिवाळीत मी कपाटातून चादर काढायला गेलो, तेव्हा पुडके वरच्या फळीवर होते. दोरा सोडलेला नव्हता आणि लाखेचे तिन्ही शिक्के शाबूत होते.